मांजराला पट्टे

मुलांना क्वांटम भौतिकी समजावणं अवघड नाही. त्यांना ती पटकन समजते आणि मग आपलं काही खरं नसतं.

विषय भाचीने काढला. सुपरहिरोंच्या सिनेमात काही पटण्याजोगं नसलं की ‘क्वांटम’ म्हणून पुढे जातात, तिथलाच असणार. “मामा, क्वांटम म्हणजे काय रे?” ताईने माझ्याकडे बघून हळूच दार लोटून घेतलं. तिला अनुभव आहे.

मी मॅक्स प्लँक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञापासून सुरुवात केली. १९०० साली त्याने मांडलं, की तापलेली वस्तू ऊर्जा सलग देत नाही, ठरावीक पुड्यांमध्ये देते. अशी एक पुडी म्हणजे क्वांटम.

“अर्धी पुडी?” धाकटा भाचा.

“मिळत नाही. निळ्या प्रकाशाची पुडी मोठी, तांबड्याची लहान.”

“तांबड्यालाच का कमी?” त्याचा आवडता रंग तांबडा. आइन्स्टाइनने १९०५ साली याच पुड्यांवरून प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन कसे उडतात ते सांगितलं. तांबडा कितीही भगभगीत असला तरी बहुतेक धातूंपुढे त्याचं काही चालत नाही, मिणमिणत्या अतिनीलाचं चालतं. एवढं ऐकल्यावर तर तो आइन्स्टाइनशी बोलेनासाच झाला.

मग माझा हुकमी एक्का, दोन फटींचा प्रयोग. १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पडद्याकडे जायला दोन वाटा ठेवून इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, त्याचे फोटो मी दाखवले. पहिल्या फोटोत कुणी शाई शिंपडल्यासारखे इकडेतिकडे दहा-बारा ठिपके. पुढच्यात गर्दी. शेवटच्यात तेच ठिपके शहाण्यासारखे उभ्या पट्ट्यांत लागलेले, दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्यावर पडतात तशा. जणू प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन्ही वाटांनी गेला. “आणि कुठल्या वाटेने गेला ते बघायला जावं,” मी आवाज खाली आणला, “तर पट्टे गायब!”

इथे मोठी माणसं ‘काय सांगतोस!’ म्हणतात. धाकटा म्हणाला, “हो मग. कुणी बघत बसलं की मला पण सू होत नाही.”

भाचीलाही नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. जे. जे. थॉमसनने १८९७ साली इलेक्ट्रॉन हा कण शोधला, १९०६चं नोबेल मिळवलं. पुढे त्याच्याच मुलाने, जॉर्जने, इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दाखवून १९३७चं नोबेल नेलं. “आणि बाबा ओरडले नाहीत?” तिने विचारलं. या प्रश्नावर भौतिकशास्त्राचं कुठलंही पुस्तक काही बोलत नाही.

एवढ्यात धाकट्याला भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरचं मांजर आठवलं, डब्यात कोंडलेलं आणि उघडून बघेपर्यंत म्हणे जिवंतही नि मेलेलंही. ते त्याला आधीच ठाऊक होतं, पण डब्यात विषाची बाटली असते हे आत्ता कळलं. मी परोपरीने सांगितलं, की असं मांजर कुणी कोंडलेलंच नाही. अणूचे नियम मांजराला लावले तर काय विचित्र निष्पन्न होतं, एवढंच श्रोडिंगरला १९३५ साली दाखवायचं होतं.

“मग मनातल्या मनात तरी कशाला कोंडायचं?” त्याचा आवाज चढला. मला उत्तर सुचेना. त्याने कागद ओढला, डबा काढला आणि पेन्सिलीने त्याला शेजारी शेजारी दोन भोकं पाडली.

“आता ते पळणार. कुठल्या भोकातून ते कुणीच बघायचं नाही.”

“मग पट्टे येतील,” भाची.

त्याने क्षणभर विचार केला आणि केशरी खडू उचलला. “म्हणजे बाहेर वाघ!”