प्रतिक्रियेला उत्तर: कलेक्टरवर ४.५ व्होल्ट आले म्हणजे बायस झाला का?

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की फझ फेसचा (दोन ट्रान्झिस्टरचं गिटारचं फझ पेडल) बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर कुठल्या व्होल्टेजवर बसवायचा ते, "शेवटी कानाने ठरवा" असं मी लेखात सांगणं म्हणजे नवीन लोकांची दिशाभूल आहे, बॅटरी ९ व्होल्टची, मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (जिथून सिग्नल बाहेर पडतो तो पाय) ४.५ आले की विषय संपला, आणि ट्रिमर (त्या कलेक्टरच्या ८.२ के रेझिस्टरच्या जागी लावलेला, फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) ही पळवाट आहे, मूळ पेडलमध्ये तो होता का? मीटर आधी लावायचा हे मला पूर्ण मान्य आहे, मीही तेच लिहिलंय. पण ४.५ ला विषय संपतो हे मला अजिबात पटत नाही, कारण त्या आकड्याला धरून बसल्यामुळे चांगले बनवलेले पेडल निम्म्या ताकदीने वाजताना मी ऐकलेत.

आधी ४.५ येतं कुठून ते बघू. सिग्नलला वर आणि खाली सारखी जागा मिळावी म्हणून कलेक्टर मधोमध ठेवायचा, बरोबर. पण मधोमध कशाच्या? वरची हद्द बॅटरी, पण खालची हद्द शून्य नाहीये, ती एमिटरचं (ट्रान्झिस्टरचा खालचा पाय) व्होल्टेज आहे. या सर्किटमध्ये एमिटरखाली १ के (किलोओहम) चा फझ पॉट, म्हणजे फझच्या नॉबचा रेझिस्टर, असतो आणि सिलिकॉन ट्रान्झिस्टर असतील तर त्यावर साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट बसलेले असतात, कलेक्टर त्याच्या खाली जाणारच नाही. म्हणजे तुमच्याच हिशोबाने मध्य ४.८ च्या आसपास आला. त्यात नवी अल्कलाइन बॅटरी मीटरवर ९.५ च्या जवळपास दाखवते, मग तो ५ च्याही वर जातो. म्हणून सांगतो, आधी बॅटरी मोजा, मग एमिटर, आणि मग कलेक्टर.

आणि मुळात हा क्लीन बूस्टर (आवाज न फाडता फक्त मोठा करणारं पेडल) नाही. क्लीन बूस्टर असता तर मी तुमच्याशी वाद घातला नसता, तिथे सिग्नल न कापला जाणं हेच काम आहे. फझमध्ये तो दोन्हीकडून कापला जाणारच आहे, बायस फक्त एवढं ठरवतो की कुठली बाजू आधी कापली जाईल आणि किती. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर मुख्यतः विषम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट असे वरचे सूर), कमीजास्त कापल्या तर सम हार्मोनिक्सही येतात, आणि आवाजातला तो जाडपणा बराचसा तिथून येतो. पहिल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर बघा ना, सिलिकॉनमध्ये १.३ च्या आसपास आणि जर्मेनियममध्ये त्याहून खाली असतो, मध्यापासून कितीतरी लांब, आणि त्याला कोणी चूक म्हणत नाही.

कानाने म्हणजे नेमकं काय तेही सांगतो. फझ पूर्ण, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, मीटरची पिन काढून ठेवा कारण ती लावलेली असली की कधी कधी हम येतो. जाड तार एकदा वाजवा आणि हात न लावता विरू द्या. सुरुवातीचा दणका जवळपास कुठल्याही बायसला भारीच वाटतो, त्यावरून काही कळत नाही, ऐकायची ती शेपूट. कलेक्टर ७ च्या वर गेला असेल तर नोट विरताना चरचरते, फाटते आणि मधेच तुटते. ट्रिमर थोडा थोडा फिरवत (फिरवताना खरखर येते, ती येऊ द्या) अशा जागी या की शेपूट सलग विरते. मग गिटारचा व्हॉल्यूम निम्मा करा, आवाज मोकळा झाला पाहिजे. ही जागा मला बहुतेक वेळा ४.५ आणि ५.५ च्या मधे सापडते, आणि कुणाला ती तुटकी शेपूटच आवडत असेल तर त्याने ७ वर ठेवावं, तेही बरोबरच आहे.

आता गणित. सिलिकॉनला गणित छान चालतं. एमिटरवर ०.६५ व्होल्ट, खाली १ के, म्हणजे ०.६५ मिलिअँप. मूळ ८.२ के आणि ४७० ओहम मिळून ८.६७ के, त्यावर ५.६ व्होल्ट पडतात, कलेक्टर ३.४ वर. ४.५ हवे असतील तर ८.२ च्या जागी साधारण ६.४ के. ट्रिमरने करंट बदलत नाही, तो पहिला ट्रान्झिस्टर आणि १०० के चा फीडबॅक (दुसऱ्याच्या एमिटरवरून पहिल्याच्या बेसकडे परत जाणारा रेझिस्टर) मिळून ठरवतात, ट्रिमर फक्त कलेक्टर सरकवतो.

जर्मेनियमला मात्र हे गणित कागदावरच राहतं. एकाच नंबरच्या दोन एसी१२८ (जर्मेनियम ट्रान्झिस्टर) मध्ये गेन (करंट किती पट वाढतो) वेगळा, लीकेज (बेसला काही न देताही गळणारा करंट) वेगळं, आणि मीटर एचएफई म्हणून जो गेन दाखवतो त्यात लीकेज मिसळलेलं असतं. बेसला १० मायक्रोअँप देऊन मोजत असाल आणि लीकेज २०० असेल तर गेन २० ने फुगलेला दिसतो. करून बघा, मीटर दुसऱ्याच्या कलेक्टरवर ठेवा आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचा डबा दोन बोटांत धरा, आकडा हळूहळू बॅटरीकडे सरकायला लागतो. (पीएनपी असेल तर मीटर उणे दाखवेल, घाबरू नका.) नुसत्या बोटांच्या उबेने जो आकडा हलतो तो दशांशापर्यंत गणिताने कसा पकडणार?

१९६६ च्या मूळ फझ फेसमध्ये ट्रिमर नव्हता हे खरंय, आणि त्या काळातले दोन फझ फेस सारखे वाजत नाहीत याचं मोठं कारण तेच आहे. तेव्हा सिलिकॉन असेल तर ट्रिमरने जागा शोधा, तो काढून मोजा आणि जवळचा फिक्स रेझिस्टर लावा. जर्मेनियम असेल तर ट्रिमर आत राहू द्या. तुमच्या पेडलचे चार आकडे टाका, बॅटरी, दोन्ही कलेक्टर आणि दुसऱ्याचा एमिटर, आणि शेपूट कशी विरते तेही लिहा, मग त्यावर पुढे बोलू.