हो, आमची फियाट टॅक्सीच होती!

आज सकाळी घरच्या ग्रुपवर कुणीतरी पांढऱ्या अँबॅसिडरचा फोटो टाकला. खाली बदामांची रांग. मी लिहिलं, आमची फियाट हिच्यापेक्षा सरस. लगेच भाच्याचं उत्तर, "मामा, ती तर टॅक्सी!"

दिवसभर डोकं तापलंय.

हो, टॅक्सीच! कुर्ल्यात तयार झालेल्या फियाटने, म्हणजेच पद्मिनीने, मुंबईला दिवसरात्र वाहून नेलं. टॅक्सीला असलेली २० वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी बाद झाली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. बंगालमधल्या उत्तरपाऱ्याची अँबॅसिडर म्हणजे पडदे, लाल दिवा आणि साहेब मागच्या सीटवर. आमच्या घरी साहेब कोण होतं? बाबाच चालवायचे, बाबाच बॉनेट उघडायचे.

खंडाळ्याच्या घाटातली ती रात्र. चहाला थांबलो होतो आणि मी, वय वर्षं नऊ, हेडलाइट चालू ठेवून उतरलो. बॅटरी संपली. बाबा दाराला खांदा लावून, एक हात स्टिअरिंगवर. मागे पदर खोचून आई, ताई आणि मी. दहा-पंधरा पावलांत गाडीने वेग धरला, बाबा आत उडी मारून बसले, सेकंड गिअर टाकून क्लच सोडला, आणि घेतली की तिने! आई चपला हातात घेऊन मागून धावतेय.

अँबॅसिडर हलली असती आईला? फियाट नऊशे किलोच्या आसपास. ती हजाराच्या पार.

बरं, मागची सीट अँबॅसिडरची ऐसपैस, मान्य. खराब रस्त्यावरही तीच दणकट. पण १०८९ सीसीचं ते छोटं इंजिन १४८९ सीसीवालीपेक्षा किती हलक्या पायाने पळायचं, ते चालवणाऱ्यालाच विचारा. आणि रुबाब कसला सांगता? एक मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, दुसरी फियाट ११००. दोघीही बाहेरूनच आलेल्या. आपली कोण, ते घरातल्यांनी ठरवलं.

भाच्याला सकाळी फार तोडून बोललो. आत्ता तो मेसेज काढून टाकला. त्याने ती गाडी कधी ढकललेली नाही, त्याला काय दोष द्यायचा.

त्या रात्री बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या सलग सीटवर मला मध्ये घेतलं, आणि घाट उतरेपर्यंत स्टिअरिंगजवळच्या त्या गिअरच्या दांडीवर त्यांच्या तळव्याखाली माझा हात होता.