डोके दुखत नाही, म्हणून रक्तदाब नाही?

‘डोके दुखत नसेल तर रक्तदाब वाढलेला नसतो, ईसीजी एकदा नॉर्मल आला की धडधड गॅसचीच, आणि आकडा उतरला की गोळी बंद करावी, नाहीतर तिची सवय लागते,’ असा संदेश मोबाइलवर सतत फिरतो आहे. त्यातले एकही विधान टिकत नाही आणि शेवटचे तर जिवावर बेतू शकते.

डोकेदुखीविषयी फार बोलायला नको. वरचा आकडा 170 असतानाही बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून रक्तदाब मोजावाच लागतो. तोही पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, न बोलता.

ईसीजीचे मात्र नीट समजून घ्यायला हवे. साध्या ईसीजीत ठोक्यांची जेमतेम 10 सेकंदांची नोंद होते. आठवड्यातून एकदा, तेही पहाटे, बिघडणारी लय त्यात सापडेलच असे नाही. म्हणून ठोक्यांची सतत नोंद करणारे होल्टर हे छोटे यंत्र 24 तास किंवा अधिक काळ अंगावर लावतात. रुग्णाने ‘पहाटे 4.10, धडधड’ असे लिहून ठेवले, की नेमक्या त्या मिनिटाचा आलेख काढून पाहता येतो. गॅसमुळे छातीत अस्वस्थ वाटते हे खरे, पण तसा निष्कर्ष ठोके तपासल्यानंतर काढायचा असतो. एट्रियल फिब्रिलेशन या लय बिघडण्याच्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. दीर्घकाळ वाढलेला रक्तदाब हे या विकाराचे एक मोठे कारण आहे. (या विकारात रक्तदाब मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्राचे आकडे कमीजास्त येतात; एकाच मोजणीवर विसंबू नये.)

आता गोळी. आकडा उतरलेला असतो तो बहुधा गोळीमुळेच. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडीन यांसारखे रक्तदाबाचे औषध एकाएकी थांबवले तर रक्तदाब आणि ठोके उसळू शकतात, पण याला व्यसन म्हणत नाहीत; म्हणूनच असे औषध डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात. वजन आणि मीठ कमी केल्यावर काहींची मात्रा खरोखरच घटते, मात्र तो निर्णय नोंदी पाहून घ्यायचा असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे तर धडधड थांबण्याशी गणितच जुळत नाही: ती किती काळ घ्यायची, हे प्रामुख्याने वय, रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरते, आणि ठोके सुरळीत झाल्यावरही अनेकांना ती चालू ठेवावी लागते.