आधी गोचीड ओळखता यायला हवी

पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हा मला जंतूंवर काम करायचे होते. त्यांना वाहून नेणारे डास, पिसवा आणि गोचिड्या माझ्या लेखी निव्वळ वाहने होती. पहिल्या वर्षी मी गोचिड्यांच्या डीएनएवर भरपूर काम केले आणि अनेक महिन्यांनी लक्षात आले, की काही नळ्यांवर मीच प्रजातीचे नाव चुकीचे लिहिले होते, कारण अपूर्ण वाढ झालेल्या गोचिड्या मला ओळखताच येत नव्हत्या. ते सगळे विश्लेषण बाजूला ठेवावे लागले.

मग मार्गदर्शकांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवले. अळीला सहा पाय, पुढच्या अवस्थांना आठ. म्हणजे गोचीड कीटक नव्हेच, ती कोळ्याच्या गोत्रातली. कठीण कवचाच्या गोचिडींमध्ये नराची ढाल सगळी पाठ झाकते, मादीची फक्त पुढचा भाग, कारण रक्त पिऊन तिला कितीतरी पट फुगायचे असते. हे शिकताना माझा विषयच बदलला.

गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या लाइम रोगाचे जीवाणू तिच्या आतड्यात असतात. ती रक्त पिऊ लागल्यावर ते लाळग्रंथींकडे सरकतात आणि त्याला बहुधा एक दिवसाहून अधिक वेळ लागतो, म्हणून चिकटलेली गोचीड लवकर काढण्याला इतके महत्त्व. गोचिडीच पसरवत असलेल्या पोवासन विषाणूला मात्र माणसात शिरायला काही मिनिटे पुरतात. हिवतापाच्या परजीवीला डासाच्या शरीरात वाढायला साधारण दहा दिवस किंवा अधिक लागतात आणि तेवढे दिवस बरेच डास जगतही नाहीत. त्यामुळे डासाचे आयुष्य थोडे घटले तरी रोगाचा प्रसार खूप घटतो. अशा प्राण्याला वाहन कसे म्हणायचे?

थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1893 मध्ये, म्हणजे हिवताप डासांमुळे पसरतो या रोनाल्ड रॉस यांच्या शोधाच्या चार वर्षे आधी, गुरांचा टेक्सास ताप गोचिडींमुळे पसरतो हे सिद्ध केले. तो संसर्ग मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो, हे गोचिडीचे जीवनचक्र नीट माहीत असल्याखेरीज उलगडलेच नसते, आणि ते चक्र पशुवैद्य कूपर कर्टिस यांनी चिकाटीने मांडले होते. त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आज जनुकीय क्रमवाचनाला, म्हणजे डीएनए वाचण्याच्या कामाला, निधी मिळतो, प्रजाती ओळखणाऱ्या माणसाला क्वचितच, आणि हे चूक आहे असे माझे ठाम मत आहे. आमच्या गटात येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला मी आधी गवतावरून पांढरे कापड ओढायला नेते. त्यावर आलेली खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड त्याने स्वतः ओळखली, की मगच डीएनए काढायला बसायचे.