कंट्रोलरला घरी बसवून धावपट्टी सुरक्षित होत नाही

८ जून २०२४ ला मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला जाणारं विमान उडत होतं, आणि मागून इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान त्याच धावपट्टीवर उतरलं. तो व्हिडिओ खूप फिरला. धावपट्टीवर कुठेही काही घडलं की अशा व्हिडिओंसोबत तेच म्हणणं पुढे ढकललं जातं: चूक एटीसीचीच (टॉवरमधून विमानांना उडण्या-उतरण्याची परवानगी देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणाचीच) असते, तिथल्या त्या कंट्रोलरला हाकला, माणसांच्या जागी यंत्रं बसवा, प्रश्न मिटला. मला हे म्हणणं नुसतं अर्धवट नाही, धोकादायक वाटतं.

‘एका धावपट्टीवर दोन विमानं दिसली म्हणजे नियम मोडलाच.’ तसं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिवसाउजेडी, हवा स्वच्छ असताना आणि त्या विमानतळाला तशी मंजुरी असेल तर पुढचं जेट विमान धावपट्टीवरून पूर्ण बाहेर पडण्याआधीही मागच्याला येऊ देता येतं. पण त्यासाठी पुढचं विमान हवेत गेलेलं आणि किमान २४०० मीटर पुढे असावं लागतं. मुंबईच्या व्हिडिओत मागच्या विमानाची चाकं टेकतात तेव्हा पुढचं जेमतेम जमीन सोडताना दिसतं. म्हणून ती घटना गंभीरच होती आणि चौकशी हवीच होती. नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने चौकशी सुरू केली, संबंधित अधिकाऱ्याला कामावरून बाजूलाही केलं. प्रश्न आहे तो चौकशीत काय शोधायचं याचा.

‘ज्याने चूक केली त्याला काढा.’ १ फेब्रुवारी १९९१ ची लॉस एंजेलिसची रात्र बघा. कंट्रोलरने स्कायवेस्टचं छोटं विमान धावपट्टीवर उभं केलं आणि मग यूएसएअरच्या बोइंगला त्याच धावपट्टीवर उतरायची परवानगी दिली. ३५ माणसं गेली. चूक उघड होती आणि तिने ती कबूलही केली. पण अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने तिथेच फाईल बंद केली नाही. त्याच मिनिटांत दुसऱ्या एका विमानाची स्ट्रिप (त्याची माहिती लिहिलेली कागदी पट्टी) तिच्या टेबलावर सापडत नव्हती, एक विमान रेडिओवर उत्तर देत नव्हतं, जमिनीवरचं रडार बंद होतं, दिव्यांच्या चकाकीत छोटं विमान टॉवरमधून नीट दिसत नव्हतं. एक माणूस चुकला तर ती चूक पकडणारा दुसरा कुणी असावा, अशी पद्धत टॉवरच्या व्यवस्थापनाने राबवलीच नव्हती, आणि मंडळाने अपघाताचं संभाव्य कारण म्हणून बोट ठेवलं ते त्यावर. तिला काढून दुसरीला त्याच खुर्चीत बसवलं असतं तर काय बदललं असतं?

‘यंत्रं बसवा.’ जरूर बसवा. मिलानच्या लिनाटे विमानतळावर २००१ मध्ये दोन विमानांच्या धडकेत ११८ जण मेले तेव्हा जमिनीवरचं रडार चालू नव्हतं. पण यंत्र आलं की माणूस नको, हे टोकियोच्या हानेदाने खोटं ठरवलं. २ जानेवारी २०२४ ला तटरक्षक दलाचं विमान नोटोच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. टॉवरने सांगितलं, तुमचा नंबर पहिला, धावपट्टीआधीच्या सी-फाइव्ह या थांब्यापर्यंत या. वैमानिक धावपट्टीवर शिरला आणि सुमारे ४० सेकंद तिथे उभा राहिला, आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्याच्यावर आदळलं. कंट्रोलरच्या पडद्यावर धावपट्टी अडल्याचा इशारा रंग बदलून दिसत होता, पण कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या थांब्यावरचे लाल दिवेही दुरुस्तीसाठी बंद होते. तटरक्षक दलाचे ५ जण गेले. जपान एअरलाइन्सच्या विमानातले ३७९ जण बाहेर पडले, हे कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं यश. नंतर जपानने पडद्यावर सतत नजर ठेवणारा वेगळा माणूस नेमला.

‘चूक एटीसीचीच असते’ याचं उत्तर हानेदातच आहे: वैमानिकाला धावपट्टीवर जायची परवानगी मिळालीच नव्हती. आपल्या पुण्यात फेब्रुवारी २०२० मध्ये टेकऑफच्या वेगात असलेल्या एअर इंडियाच्या विमानासमोर तर जीप आली होती.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र ‘हाकला’ या शब्दाने होतं. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं विमान डोंगरावर आदळून ९२ जण मेले. सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान तिथेच, कंट्रोलरने दिलेल्या परवानगीच्या त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. ती गोष्ट त्या कंपनीबाहेर पोचलीच नाही. म्हणून १९७६ पासून अमेरिकेत अशी नोंद नासाकडे करता येते. नाव गुप्त राहतं आणि चूक मुद्दाम केलेली नसेल तर दहा दिवसांत कळवणाऱ्याला दंडातून सूट मिळते. नोकरी जाणार हे ठरलेलं असेल तर कोण कंट्रोलर आपणहून सांगेल की आज दोन विमानं फार जवळ आली?

मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि ११ नोव्हेंबर २०२३ ला एका दिवसात १,०३२ उड्डाणं-उतरणं तिथे झाली. म्हणून तो व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी विचारायला हवं: त्या तासाला टॉवरमध्ये किती जण होते, त्या कंट्रोलरच्या शेजारी दुसरे डोळे होते का, दोन विमानांतलं अंतर कमी होतंय हे कुठल्या यंत्राने आणि किती सेकंद आधी सांगितलं, आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचा आदेश) का दिला गेला नाही.