डिमेन्शिया झालाय हे सोसायटीत सांगून टाका

घरात कुणाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालाय हे कळलं की बहुतेक घरं गप्प बसतात. कुणी विचारलं तर "वय झालंय आता" एवढंच सांगायचं, आणि मग हळूहळू त्या माणसाचं बाहेर जाणंच बंद करायचं, कशाला उगाच रिस्क म्हणून. मला हे अजिबात पटत नाही.

माझ्या आईला अल्झायमर आहे, डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. ती आजही रोज सकाळी बाहेर जाते, माझ्याबरोबर नाहीतर तिला सांभाळायला येणाऱ्या ताईंबरोबर, आणि हे जमतं कारण आसपास सगळ्यांना माहितीये. वॉचमनला, नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना, गावदेवीच्या भाजीवाल्या मावशींना, सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगितलंय. आई भाजीचे पैसे दोनदा देते, तर मावशी काही न बोलता एक नोट माझ्या हातात परत ठेवतात. पण भेंडी मात्र आईच निवडते, टोक मोडून बघत बघत, आणि जून भेंडी एकही घेत नाही!! या आजारात मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग सुरुवातीलाच खराब होतो, म्हणून सकाळी काय खाल्लं ते लक्षात राहत नाही, पण हाताला वर्षानुवर्षं लागलेली सवय बरीच उशिरापर्यंत टिकते. ती सवय वापरायला बाजारच लागतो ना, सोफ्यावर बसून टीव्हीसमोर कुठून वापरणार?

भजनी मंडळाचंही तेच. बोलताना शब्द अडतात, पण टाळ वाजायला लागले की अख्खा अभंग येतो, चालीसकट. मधेच ओळ चुकली तर शेजारच्या काकू जरा मोठ्याने म्हणतात, झालं.

आता एक कळकळीची विनंती. भेटल्यावर "ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?" असं कृपा करून विचारू नका. प्रेमानेच विचारतात लोक, मला कळतं, पण समोरच्या माणसाची परीक्षा होते ती, आणि नाही आलं की चेहरा असा पडतो की दुसऱ्या दिवशी आई बाहेर जायलाच नको म्हणते. त्यापेक्षा सरळ सांगा, "काकू, मी तिसऱ्या मजल्यावरची, तुमच्या शेजारची." आणि तिच्यादेखत मला "यांना कळतं का हो काही?" हेही नको. कळतं. आमच्याच ओळखीच्या एका ग्रुपने सहलीला "त्यांना नका आणू, बाकीच्यांचा मूड जातो" म्हणून सांगितलं, तेव्हा ती तिथेच उभी होती.

भारतात साठीच्या पुढचे अंदाजे ८८ लाख लोक डिमेन्शियासोबत जगतायत, म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये कुणी ना कुणी असणारच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर काही करता येईल अशा १४ गोष्टी दिल्यात, त्यात एकटेपणा आहे आणि कमी ऐकू येणंही आहे. आजार झाल्यावर बाहेर नेऊन तो बरा होतो असं मी म्हणत नाहीये, होत नाही. पण ज्याला ऐकू येत नाही तो गप्पांतून आपोआप बाहेर पडतो, म्हणून कान आणि चष्मा आधी तपासून घ्या, लोक सगळं डिमेन्शियाच्या नावावर टाकतात.

बाकी आमचं सांगते. तलावपाळीला सकाळीच, कारण संध्याकाळी तिची बेचैनी वाढते आणि गर्दीही. गडकरी रंगायतनला नाटक असेल तर कडेची सीट, कंटाळली तर मध्यंतरात वडा खाऊन घरी, अख्खं नाटक बघायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय. पर्समध्ये नाव-नंबरची चिठ्ठी कायम.

नवी मुंबईत महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, किती चांगली सोय आहे ती. तिथल्या मंडळींना आणि आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांना फक्त एवढंच शिकवायला हवं की असा मेंबर आला तर कसं बोलायचं, कॅरममध्ये पाळी विसरला तर काय करायचं. एका दुपारचं काम आहे, कुणी न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकॉलॉजिस्ट वेळ देणार असेल तर मी धावपळ करायला तयार आहे, खरंच.

आणि नौपाडा, पाचपाखाडीत कुणाच्या घरी असं कुणी असेल तर मेसेज करा. आमच्या मंडळात घेऊन या, गाता नाही आलं तरी हातात टाळ देऊ, आणि सोबत येणाऱ्यालाही तासभर निवांत बसता येईल.