तळपायातली गाठ आणि ‘आजच कापून टाका’वाला मेसेज

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, सुदामा नगर म्हणू नका, लोकमान्य नगर म्हणू नका, सगळीकडून मला तोच येतोय. थोडक्यात असा आहे: तळपायाच्या मधे टणक गाठ आली की ती हळूहळू कॅन्सर होते, म्हणून ताबडतोब कापून टाका, दहा मिनिटांचं ऑपरेशन आहे, त्याच दिवशी घरी, एकदा काढली की कायमची गेली, चपला-बुटांत घालायचे सोल-बिल, इंजेक्शन, शेक हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत, आणि ऑपरेशन होईपर्यंत बिब्बा किंवा कॉर्न कॅप लावत जा. खाली जनहितार्थ वगैरे.

माझ्या स्वतःच्या डाव्या पायात अशा गाठी आहेत त्यामुळे या विषयाचं मी बरंच वाचलंय, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलंय. आणि आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी, ज्यांना कित्येक वर्षांची शुगर आहे, हा मेसेज वाचून सोनोग्राफी न करता थेट ऑपरेशनची तारीख घेतली, तेव्हा गप्प बसवेना. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिला मुद्दा, कॅन्सरचा, कारण भीती तिथूनच सुरू होते.

तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड चिवट पट्टा असतो, प्लँटर फॅशिया म्हणतात त्याला, पायाची कमान त्याच्यावर तोललेली असते. या पट्ट्यात काही लोकांच्या पेशी उगाचच जास्त कोलॅजन बनवायला लागतात आणि गाठ तयार होते, बहुतेक वेळा कमानीच्या आतल्या बाजूला. याला प्लँटर फायब्रोमा म्हणतात, गाठी जास्त असल्या की फायब्रोमॅटोसिस, किंवा लेडरहोज डिसीज, गेऑर्ग लेडरहोज नावाच्या जर्मन सर्जनने १८९०च्या दशकात तिचं वर्णन केलं म्हणून. ही गाठ साधी असते. ती वाढू शकते, दुखू शकते, पण शरीरात दुसरीकडे पसरत नाही आणि ‘थांबलात तर कॅन्सर होईल’ असं तिचं काही नसतं. ओळखायची असेल तर खुर्चीवर बसा, पाय मांडीवर घ्या, अंगठा आणि बोटं हाताने वर नडगीकडे ओढा, पट्टा ताणला जातो आणि गाठ एकदम टणक होऊन बोटाला लागते, वरची कातडी मात्र नेहमीसारखीच असते.

आता यातली खरी गोष्ट पण सांगते, नाहीतर मी पण त्या मेसेजसारखंच अर्धवट लिहीन. तळपायातली प्रत्येक गाठ फायब्रोमाच असते असं नाही. गँगलियन म्हणजे चिकट पाणी भरलेली गाठ असू शकते, चरबीची गाठ असू शकते, कधीतरी रुतलेला काटा किंवा काच आत राहून त्याभोवती गाठ होते, आणि क्वचित, फारच क्वचित, सायनोव्हियल सार्कोमासारखा खरा कॅन्सर पण पायात होतो आणि तो सुरुवातीला अगदी गरीब दिसतो. म्हणूनच आधी सोनोग्राफी, आणि शंका वाटली तर एमआरआय. गाठ भराभर वाढत असेल, ५ सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल, रात्री झोपेत दुखत असेल, वरची कातडी फाटत असेल तर एक दिवसही काढू नका, इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या हाडांच्या ओपीडीत जा नाहीतर प्रायव्हेटमध्ये दाखवा, पण दाखवा. आणि नीट बघा, ज्यांना कॅन्सरची भीती वाटतेय त्यांच्यासाठी तर तपासणीशिवाय कापणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे, कारण गाठ खरंच सार्कोमा निघाली तर न तपासता अर्धवट काढल्याने त्या पेशी आजूबाजूच्या जागेत राहतात आणि मग दुसऱ्यांदा खूप मोठं ऑपरेशन करावं लागतं. म्हणजे साधी असली तर घाई नाही, आणि साधी नसली तर अशी दहा मिनिटांची कापाकापी चालत नाही.

दुसरा मुद्दा, दहा मिनिटांचं ऑपरेशन आणि त्याच दिवशी घरी. घरी तर जाल, पण चालत नाही ना! पाठीवरची चरबीची गाठ काढणं वेगळं आणि तळपाय वेगळा. तळपायाची कातडी घट्ट, खाली चरबीची गादी, तिच्यातून बारीक बारीक नसा जातात, आणि गाठ फॅशियाला चिकटलेली असते त्यामुळे ती सोलून काढावी लागते. नंतर साधारण दोन-तीन आठवडे त्या पायावर वजन टाकू देत नाहीत, टाके पण हातावरच्यापेक्षा जास्त दिवस ठेवतात. आता ज्यांचं घर राजवाड्यामागच्या जुन्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे, संडास देशी आहे, त्यांनी हे आठवडे कसे काढायचे याचा मेसेजवाल्याने काही विचार केला आहे का? वॉकर कोण आणणार, खाली-वर कोण नेणार, उजवा पाय असेल तर गाडी कोण चालवणार, हे ऑपरेशनच्या आधी घरात बसून ठरवावं लागतं. जखम उशिरा भरणं, कातडीची कड काळी पडणं, नस दुखावून बधिरपणा राहणं, नेमका व्रणच टोचत राहणं, हे सगळं या ऑपरेशनमध्ये होऊ शकतं आणि शुगरवाल्यांना, तंबाखू-सिगरेटवाल्यांना जास्त. त्या काकूंबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली.

तिसरा मुद्दा, एकदा काढली की कायमची गेली. हे वाक्य तर धडधडीत खोटं आहे, आणि ऑपरेशन करायचं की नाही हा सगळा निर्णय याच एका गोष्टीवर फिरतो, म्हणून जरा सविस्तर.

ऑपरेशन एकाच प्रकारचं नसतं. एक म्हणजे फक्त दिसतेय तेवढी गाठ काढायची. हे छोटं, सोपं, आणि यातच गाठ परत येण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, बऱ्याच ठिकाणच्या नोंदींमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना परत आली आहे. दुसरं म्हणजे गाठीबरोबर आजूबाजूचा चांगला दिसणारा फॅशिया पण काढायचा, यात प्रमाण कमी. तिसरं म्हणजे जवळपास पूर्ण फॅशियाच काढून टाकायचा, यात परत येणं सगळ्यात कमी, तरी काही जणांना येतेच, आणि त्याची किंमत म्हणजे मोठी जखम, जास्त दिवस पाय वर ठेवणं, कमान खाली बसायची शक्यता. म्हणजे मेसेजमध्ये जे दहा मिनिटांचं ऑपरेशन सांगितलंय तेच नेमकं कायमचं नसतं, आणि जे त्यातल्या त्यात टिकतं ते दहा मिनिटांचं नसतं. दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये खरी असूच शकत नाहीत.

परत येते ती गाठ पहिल्यापेक्षा त्रासदायक असू शकते, कारण आता तिच्याभोवती जुना व्रण पण असतो आणि दुसऱ्या वेळी नसा वाचवणं अवघड जातं. कोणाला परत यायची भीती जास्त? ज्यांना दोन्ही पायांत आहेत, एकापेक्षा जास्त गाठी आहेत, घरात आई-वडील-भावंडांना आहे, किंवा ज्यांच्या हाताला पण हाच आजार आहे. आत्ता हे वाचता वाचता तुमचे तळहात बघा, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी दोरीसारखी गाठ लागतेय का, ते बोट पूर्ण सरळ होतंय का. त्याला ड्युपुइट्रेन म्हणतात, फ्रान्समधल्या सर्जनच्या नावावरून, आणि पायातला आजार त्याचाच भाऊबंद आहे. हातात पण असेल तर हे सर्जनला आवर्जून सांगा, त्याने विचारलं नाही तरी सांगा.

चौथा मुद्दा, बाकी सगळे पैसे काढायचे धंदे. नाही हो. कित्येक जणांना गाठ असते आणि दुखतच नाही, त्यांनी काहीच करायचं नसतं, सहा महिन्यांनी परत माप घेऊन बघायचं एवढंच, यात कोणी काय पैसे काढणार? ज्यांना चालताना टोचते त्यांच्यासाठी पहिली गोष्ट सोल. माझा सोल बनवणाऱ्या भाऊंनी काय केलं सांगते, गाठीवर बाहेरून लिपस्टिकचा ठिपका लावला, मला नव्या सोलवर उभं केलं, ठिपका सोलवर उमटला, बरोबर तेवढाच गोल त्यांनी कापून खड्डा केला आणि कडा घासून उतरत्या केल्या. वजन गाठीच्या आजूबाजूला गेलं, गाठीवर नाही. गाठ तशीच आहे, पण मी खजराण्याहून दर्शन करून येते, किचनमध्ये मऊ चप्पल घालून स्वयंपाक करते. कडक कोल्हापुरी आणि मार्बलवर अनवाणी फिरणं मात्र बंद, ते बंद केल्यानेच अर्धा फरक पडला असं मला वाटतं. पोटरीचे ताण पण रोज द्या, गाठ विरघळत नाही त्याने, पण ओढ कमी होते.

स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं कमी करू शकतं आणि कधी गाठ थोडी मऊ पण होते, पण परत परत घेतलं तर तळव्याची चरबी पातळ होते, फॅशिया कमजोर होतो, म्हणून त्याला मर्यादा आहे. रेडिएशनचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण या साध्या गाठींसाठी कमी डोसचं रेडिएशन युरोपात बरीच वर्षं देतात, आणि २०२३मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे निकाल आले ज्यात काही पेशंटना खरं रेडिएशन आणि काहींना नुसतं खोटं-खोटं दिलं होतं, कोणाला काय मिळालं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि वर्षभरानंतर खरं मिळालेल्यांचं दुखणं कमी होतं. तरुण माणसाला डॉक्टर ते सहज देत नाहीत, लांबचा धोका थोडा असतोच. यातला कुठलाच उपाय गाठ नक्की घालवतो असं मी म्हणत नाही, पण चालता येणं हे जर ध्येय असेल तर पुष्कळांचं काम यावर भागतं.

पाचवा मुद्दा, बिब्बा आणि कॉर्न कॅप. कृपा करून नको! कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते वरची जाड कातडी खातं, कुरूपासाठी ठीक. ही गाठ कातडीत नाहीच, कातडी आणि चरबीच्या खाली आहे, तिथपर्यंत ते पोचत नाही, वरची चांगली कातडी मात्र जाते. बिब्ब्याने तर सरळ भाजतं, फोड येतात. आणि शुगरवाल्यांच्या पायाला संवेदना कमी असते, भाजलेलं कळत पण नाही, जखम चिघळल्यावर कळतं.

या मेसेजला एकाने ग्रुपवर उत्तर दिलंय की तळपायाला कधीच चाकू लावू नये. ते पण मला पटत नाही. हे सगळे उपाय काही महिने करून झाले, तरी दुखणं कमी नाही, चाल बदलली आणि आता गुडघा-कंबर धरायला लागली, नसेवर दाब येऊन मुंग्या येतात, किंवा तपासण्या करून पण गाठ कसली ते ठरत नाही, तेव्हा ऑपरेशन करायलाच हवं आणि त्याला घाबरू नये. फक्त जाताना सर्जनला विचारा: एमआरआयवर गाठ कुठपर्यंत आहे, नुसती गाठ काढणार की फॅशिया पण, किती काढणार, तुम्ही पायाची अशी ऑपरेशनं नेहमी करता का, माझी शुगर किती असली तर करणार, किती आठवडे वजन टाकायचं नाही, आणि परत आली तर पुढे काय करणार. शेवटच्या प्रश्नाला ‘येणारच नाही’ असं उत्तर मिळालं तर फाईल उचला आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.